९ मिमी पिस्तुलात घरी ओतलेल्या गोळ्यांचं शिसं पुन्हा पुन्हा साचतंय? आधी पुंगळीत बसलेली गोळी मोजा

पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या टार्गेटवर एका जागी नीट जातात. मग गट पसरायला लागतो आणि पन्नाशीच्या आसपास कागदावर एखादं छिद्र गोल न पडता लांबट पडतं, म्हणजे गोळी आडवी होऊन गेलेली असते. घरी येऊन पिस्तूल उघडावं, नळी उजेडाकडे धरावी, तर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे रायफलिंगच्या, म्हणजे नळीत आतून कोरलेल्या पिळाच्या, खाचांमध्ये करडे, चकचकीत पट्टे दिसतात. ते घासून काढायला अख्खी संध्याकाळ जाते. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मिश्रधातू बदलला, ल्यूब म्हणजे गोळीचं वंगण बदललं, पावडर बदलली, मध्येच एकदा सगळं सुधारल्यासारखं वाटलं आणि पुढच्या डब्यात परत शिसं.

९ मिमी ल्यूगरसाठी शिशाच्या गोळ्या ओतणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी भेटते. .३८ स्पेशल किंवा .४५ एसीपी भरणाऱ्यांना ती इतकी छळत नाही, याला कारणं आहेत. अमेरिकेतली उद्योगमानकं ठरवणारी ‘सामी’ ही संस्था .३८ स्पेशलसाठी कमाल दाब १७,००० पौंड प्रति चौरस इंच धरते, .४५ एसीपीसाठी २१,०००, तर ९ मिमीसाठी ३५,०००. दाब .३८ च्या दुप्पट आणि वर पुंगळी, म्हणजे पावडर आणि गोळी धरणारं पितळी कवच, सरळ नळकांड्यासारखी नसून निमुळती. तळाकडे तिची भिंत जाड होत जाते. मुळात हे काडतूस तांब्याचं आवरण म्हणजे जॅकेट असलेल्या, कडक गोळीसाठी घडलेलं आहे. त्यात मऊ शिशाची गोळी घालायची तर पुंगळी त्या गोळीला काय करते ते आधी बघावं लागतं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगणं भाग आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी बरेच जण अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी आलेले असणार. इथे १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टखाली स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायची तर लागतो. पण एच-वन-बी, एफ-वन यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर पिस्तूलच काय, काडतूस जवळ बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर यातून सुटका नाही, आणि त्या अपवादांवर विसंबण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड आल्यावर हा अडसर राहत नाही, तरी राज्याराज्याचे नियम निराळे आहेतच. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते तिथे करायचं नाही. आणि कळकळीची एक विनंती: रेंजवर नेता ती बॅग घेऊन भारतात जाऊ नका. अस्तरात अडकलेलं एकच काडतूस विमानतळावरून थेट पोलीस ठाण्यात नेतं.

आता नळीकडे वळू. शिसं कुठे साचलंय त्यावर अर्धं निदान होतं. चेंबरच्या पुढच्या पहिल्या इंचभरात असेल तर गोळी नळीत सैल आहे आणि मागचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे निसटतोय. तो वायू गोळीची कड खरवडतो, वितळवतो आणि ते शिसं पोलादावर थापतो. तोंडाकडच्या शेवटच्या इंचात असेल तर बहुधा ल्यूब तिथवर पुरत नाहीये. सगळ्या लांबीभर, रायफलिंगच्या उंचवट्यांच्या एकाच कडेला रेघ असेल तर गोळी पीळ पकडताना घसरतेय, म्हणजे त्या वेगाला मिश्रधातू मऊ पडतोय. ९ मिमीमध्ये बघायला मिळतो तो बहुतांशी पहिला प्रकार. खालचं सगळं त्याबद्दल आहे.

यावर हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘गोळी कडक कर’. त्यासाठी एक सूत्रही फिरत असतं: ब्रिनेल कठिणता (धातूच्या कडकपणाचं माप) गुणिले १४२२, म्हणजे ती गोळी पेलू शकेल तो दाब. ९ मिमीच्या ३५,००० ला ते लावून बघा, उत्तर २५ च्या जवळ येतं. छापखान्यातलं जुनं लिनोटाइप, ज्यात ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं, तेही २२ च्याच आसपास आहे. या हिशोबाने ९ मिमीत ओतलेली गोळी चालायलाच नको. प्रत्यक्षात गाडीच्या चाकांना लावायच्या क्लिपवाल्या जुन्या वजनांचं शिसं, कठिणता साधारण ११-१२, या काडतुसात स्वच्छ चालतं, फक्त गोळी नळीला घट्ट बसली पाहिजे. उलट कडक आणि बारीक गोळी सगळ्यात वाईट. मऊ गोळी निदान दाबाखाली थोडी फुगून फट बुजवते. कडक गोळी तेवढंही करत नाही. कडकपणाच्या मागे लागून लोक पैसे घालवतात आणि नळी आणखी भरून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून मोजमाप. यासाठी व्हर्नियर चालणार नाही, ०.०००१ इंचापर्यंत वाचणारा मायक्रोमीटर हवा. पुण्या-कोल्हापूरच्या टूलरूममध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना हे सांगायला नको. आपला सगळा खेळ एक-दोन थाऊंचा आहे, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, आणि स्वस्त व्हर्नियर तेवढी चूक सहज करतो.

पहिलं माप नळीचं. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून नळी बाहेर काढा, आतून नीट पुसा, तेलाचा हलका हात द्या. मासेमारीच्या गळाला लावतात ते शुद्ध शिशाचं वजन, नळीपेक्षा किंचित जाड असं बघून, लाकडी हातोडीने तोंडात बसवा आणि पितळी सळईने आरपार ढकला. लाकडी काठी वापरू नका, ती तिरकी फुटून आत अडकते. सळई जाताना हाताला जे जाणवतं तेही महत्त्वाचं. मध्येच सैल पडून पुन्हा घट्ट झाली तर नळी सगळीकडे सारखी नाही. बाहेर आलेल्या तुकड्यावर समोरासमोरचे उंच भाग मोजा, तोच खाचांचा व्यास. खाचा सम संख्येने असतील तर हे सोपं जातं. पाच खाचांच्या नळीत समोरासमोर काही येतच नाही, तिथे व्ही-ब्लॉक (गोल वस्तू टेकवून मोजायचा खाचेचा ठोकळा) लागतो. ९ मिमीचा कागदोपत्री आकडा ०.३५५ इंच, पण बाजारातल्या नळ्या ०.३५४ पासून ०.३५८ पर्यंत निघतात. गोळी खाचांच्या व्यासापेक्षा निदान एक थाऊ मोठी हवी, दोन मोठी असली तरी चालते, अर्थात चेंबरमध्ये शिरत असेल तर. ‘९ मिमीला ०.३५६’ हा आकडा इतक्यांदा ऐकायला मिळतो की लोक तो नियमच समजतात. ०.३५६५ च्या नळीत ०.३५६ ची गोळी म्हणजे शिसं साचणार हे ठरलेलं.

दुसरं माप खरं महत्त्वाचं. समजा नळी ०.३५५५ निघाली, तुम्ही गोळ्या ०.३५७ ला सायझ केल्या, म्हणजे पोलादी कड्यातून दाबून त्या व्यासाच्या केल्या, आणि डब्यातली गोळी मोजली तर ०.३५७ च भरते. मग शिसं का येतंय? कारण नळीत डब्यातली गोळी जात नाही, पुंगळीतून निघालेली गोळी जाते. एक डमी काडतूस बनवा. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) नाही, पावडर नाही, बाकी सगळं नेहमीच्याच डाय (पुंगळीला आकार देणारी पोलादी हत्यारं), नेहमीच्याच सेटिंगवर: पुंगळी सायझ करा, तोंड उमला, गोळी बसवा, क्रिंप द्या, म्हणजे तोंड पुन्हा आवळा. मग हातोडीसारखा आपटायचा पुलर असतो त्याने गोळी बाहेर काढा. टोक चेपू नये म्हणून पुलरच्या तळाशी कानात घालायचा फोमचा बोळा टाकून ठेवा. आता तिचा बुडाकडचा भाग मोजा. ०.३५७ ची गोळी ०.३५४५ होऊन निघाली तर चोर सापडला. गोळी तुम्ही बरोबर ओतली होती, पुंगळीने ती आवळून बारीक केली.

ही आवळण तीन ठिकाणी होते. सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतो तो एक्स्पांडर, म्हणजे पुंगळीचं तोंड आतून मोठं करणारा दांडा. डायच्या संचाबरोबर येणारा एक्स्पांडर जॅकेटवाल्या ०.३५५ च्या गोळीसाठी घासलेला असतो. तो पुंगळीचं तोंड वरवर उमलतो, पण आतली भिंत अरुंदच ठेवतो, आणि तीही फार खोलवर नाही. जॅकेटवाली गोळी पितळाला रेटून आपली जागा करून घेते. शिशाची गोळी करत नाही, ती स्वतःच चेपते, आणि सगळ्यात जास्त बुडाशी, जिथे वायूला अडवायचं असतं नेमकं तिथे. उपाय म्हणजे ओतलेल्या गोळीसाठीचा मोठा, लांब एक्स्पांडर. .३८ एस अँड डब्ल्यू या जुन्या काडतुसाचा एक्स्पांडर ९ मिमीच्या डायमध्ये बसवतात तो याचसाठी, त्या काडतुसाची गोळी मुळातच जाड असते. गोळी हाताने पुंगळीत जेमतेम उभी राहावी आणि दाबल्यावर बाजूने शिशाचा छिलका निघू नये, इतपत तोंड उमललेलं हवं. छिलका निघत असेल तर तोंड आणखी उमला.

दुसरी जागा क्रिंपची. ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतं, त्यामुळे इथे टेपर क्रिंपचं, म्हणजे हळूहळू निमुळत्या होणाऱ्या क्रिंपचं, काम उमललेलं तोंड सरळ करण्यापुरतंच. तोंडाशी ०.३८० इंच ही सामीची कमाल मर्यादा, ०.३७८ ते ०.३८० च्या दरम्यान राहिलात की पुरे. गोळी हलू नये म्हणून जोराने आवळणारे बरेच आहेत. त्याने उलटंच होतं, शिसं चेपतं, पितळ थोडं परत फाकतं आणि पकड आणखी ढिली होते. काही क्रिंप डायमध्ये शेवटी अख्ख्या काडतुसावरून जाणारी कार्बाइडची कडी असते. जॅकेटवाल्या गोळीला ती निरुपद्रवी आहे, जाड शिशाच्या गोळीला मात्र ती पुंगळीच्या आतच बारीक करते. साधा टेपर क्रिंप डाय वापरा.

तिसरी जागा म्हणजे पुंगळ्या, आणि ‘कधी चांगलं, कधी वाईट’ याचं उत्तर मला बहुतेक वेळा इथेच सापडतं. रेंजवरून वेचून आणलेल्या पुंगळ्यांमध्ये वेगवेगळ्या कारखान्यांचा माल मिसळलेला असतो आणि भिंतीची जाडी प्रत्येकाची वेगळी. पातळ भिंतीच्या पुंगळीतून ०.३५६५ ची गोळी निघते, जाड भिंतीच्या पुंगळीतून ०.३५५ ची. एकाच डब्यातली अर्धी काडतुसं नळी स्वच्छ ठेवतात, अर्धी भरतात, आणि दोष जातो ल्यूबला. दोन संध्याकाळ घालवून पुंगळ्या तळावरच्या कारखान्याच्या शिक्क्यांप्रमाणे वेगळ्या करा आणि प्रत्येक प्रकारची एक डमी तरी मोजा. आतून पायरी कोरलेल्या पुंगळ्या दिसल्या तर त्या सरळ भंगारात टाका. त्यांच्यात पावडरला जागा कमी राहते आणि दाब वाढतो.

आणखी एक गोष्ट डब्यागणिक बदलते, आपला स्वतःचा मिश्रधातू. एकाच साच्यातून जास्त अँटिमनीच्या धातूची गोळी जाड पडते, जवळपास शुद्ध शिशाची बारीक पडते. ओतल्यानंतर काही दिवस ती कडक होत जाते. त्यामुळे नवी कढई लावली की साच्यातून पडलेल्या गोळ्या पुन्हा मोजा, आणि मोजायच्या आधी आठवडाभर थांबा. हल्ली चाकांच्या वजनांमध्ये जस्ताची वजनंही मिसळलेली येतात. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, जस्त ४१९ ला. ताप ४०० च्या आत ठेवला तर जस्त तरंगतं, चमच्याने काढून टाकता येतं. एकदा ते विरघळलं की गोळ्यांच्या कडा भरत नाहीत आणि अख्खी कढई वाया जाते.

जाड गोळी केली की चेंबरमध्ये शिरते का हे बघावंच लागतं. नळी बाहेर काढून काडतूस आत सोडा. ‘टक’ असा आवाज करून बसलं पाहिजे, बोटाने फिरवलं तर फिरलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडलं पाहिजे. सीझेड ७५ सारख्या पिस्तुलांमध्ये चेंबरपुढची मोकळी जागा फारच आखूड असते, तिथे गोळी रायफलिंगला टेकते आणि थोडी आत बसवावी लागते. गोळी आत बसवली की दाब वाढतो, आणि ९ मिमीच्या एवढ्याशा पुंगळीत तो झपाट्याने वाढतो. म्हणून खोली बदलली, गोळी बदलली, पुंगळी बदलली, काहीही बदललं तरी छापील पुस्तकातल्या, शिशाच्याच गोळीसाठी दिलेल्या सुरुवातीच्या मापावर परत यायचं. मी इथे पावडरचं एकही माप दिलेलं नाही ते मुद्दाम. ते पावडर बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्यावं, कोणा अनोळख्याच्या लेखातून नाही. आणि चाचणीत एखादा आवाज फुसका आला, झटका कमी जाणवला, तर तिथेच थांबा. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, नळीत गोळी अडकली नाही ना ते बघा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली तर नळी फुटते.

चाचणी करायची ती पोलाद दिसेपर्यंत स्वच्छ केलेल्या नळीवर. आधीच्या शिशाचे कण राहिले असतील तर नवं शिसं त्यांनाच चिकटतं आणि चांगलं काडतूसही नापास होतं. बहुतेकांच्या चाचण्या इथेच फसतात. एका वेळी एकच बदल करायचा. एकाच शिक्क्याच्या पुंगळ्या घ्यायच्या. पहिल्या पाच झाडल्यावर नळी काढून बघा, मग वीस, मग पन्नास. पाचव्यालाच पट्टे दिसले तर पुढच्या पंचेचाळीस झाडू नका, त्यातून नवीन काही कळत नाही. पंधरा यार्डांवरून, हात टेकवून, प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा कागद. क्रोनोग्राफ असेल तर वेग लिहून ठेवा, पण नळीतली अवस्था आणि छिद्रांचा आकार हे जास्त सांगतात. ही नोंद वहीत करा. ‘०.३५७ ला सायझ, मोठा एक्स्पांडर, डमीतून ०.३५६५, पन्नासला स्वच्छ’ अशी एक ओळ सहा महिन्यांनी नवीन कढई लावाल तेव्हा सगळा शोध वाचवते.

साचलेलं शिसं काढायला सगळ्यात चांगली आहे तांब्याच्या तारेची घासणी. तिचे दोन-चार धागे जुन्या ब्रशला गुंडाळून चेंबरकडून तोंडाकडे रेटा, पट्टे पापुद्र्यासारखे सुटून येतात. विकत घेतल्यावर घासणीला आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी आहे आणि नळी ओरबाडेल. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण कोणीतरी सुचवेलच. ते शिसं विरघळवतं हे खरं, पण त्यातून लेड अॅसिटेट तयार होतं, जे त्वचेतूनही शरीरात जातं, आणि जास्त वेळ राहिलं तर पोलादही खातं. ते करू नका. शेवटी दोन-चार जॅकेटवाल्या गोळ्या झाडून नळी ‘साफ’ करण्याची पद्धतही सोडा. आधीच अरुंद झालेल्या नळीत कडक गोळी घुसवणं म्हणजे दाब वाढवणं.

व्यास बरोबर करूनही नळीच्या तोंडाशी थोडं शिसं राहत असेल, तर मग ल्यूबचा विचार करा. मधमाश्यांचं मेण आणि अॅलॉक्स (वंगणाचं रसायन) निम्मं निम्मं हे जुनं मिश्रण पिस्तुलाच्या वेगाला पुरतं. नाहीतर पावडर कोटिंग: पॉलिस्टरची पूड लावून ओव्हनमध्ये सुमारे २०० अंश सेल्सियसवर वीस मिनिटं भाजायचं. शिसं आणि पोलाद यांच्यात थर येतो, धूर कमी होतो. थराने व्यास एक-दोन थाऊ वाढतो, म्हणून सायझिंग कोटिंगनंतर करायचं. पण बारीक झालेली गोळी कोटिंगनेही वाचत नाही, डमीची चाचणी तिलाही लागू आहे. हा ओव्हन स्वयंपाकाच्या ओव्हनपासून कायमचा वेगळा ठेवा.

ग्लॉक असेल तर आणखी एक प्रश्न. त्यांच्या जुन्या नळ्यांमधलं रायफलिंग बहुकोनी असतं आणि कंपनी स्वतःच उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं सांगते. कोटिंग करून चालवणारे बरेच आहेत, मी मात्र नेहमीच्या खाचांची दुसरी नळी विकत घ्यायला सांगेन. तिचा खर्च पिस्तुलाच्या मानाने थोडा असतो.

आणि घरात मुलं असतील तर ओतण्याची जागा घराबाहेर, मोकळ्या हवेत. कढईवरून खरवडून काढलेल्या मळीची धूळ खरी घातक, ती झाकणाच्या डब्यात ठेवा, झाडू नका, ओल्या कपड्याने पुसा. मात्र वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही नको. ओला तुकडा कढईत पडला तर क्षणात वाफ होऊन अख्खं शिसं उडतं. चेहऱ्यावर शील्ड, हातात चामड्याचे मोजे, सुती कपडे, बंद बूट. काम झाल्यावर हात साबणाने, गार पाण्याने धुवा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. वर्षातून एकदा डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून द्यायला सांगा. इनडोअर रेंजवर नियमित जात असाल तर वर्षातून दोनदा.

सुरुवात करायची असेल तर या शनिवारी रेंजवर न जाता एक डमी काडतूस बनवा आणि त्यातून निघालेल्या गोळीचा बुडाकडचा व्यास नळीच्या मापाशेजारी लिहा. त्यावर प्रश्न विचारायचा असेल तर हे दोन आकडे, पुंगळीवरचा शिक्का आणि शिसं नळीत कुठे साचतंय एवढं लिहा. तेवढ्यावर बहुतेक वेळा उत्तर देता येतं.